चांदीचं कडं

वाचन संपलं आणि दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर करून विचारलं, "तिचा नवरा कधी वारला?"

मला प्रश्नच कळला नाही. त्या सेलिना बॉइसबद्दल विचारत होत्या आणि सेलिनाचं तर लग्नच झालेलं नाही. कादंबरीच्या शेवटी ती कॉलेजात जाणारी मुलगी आहे, ब्रुकलिन सोडून एकटी बाहेर पडायला निघालेली. मी तसं सांगितलं. बाई थोडं थांबून म्हणाल्या, "मग तिनं हातातली बांगडी काढून का फेकली?" त्यांचे दोन्ही हात मोकळे होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

ही 2004 सालची गोष्ट. मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि पॉल मार्शल या लेखिकेची 'ब्राउन गर्ल, ब्राउनस्टोन्स' ही 1959 साली आलेली कादंबरी मराठीत आणायचा प्रयत्न करत होते. हक्कांसाठी पत्र लिहायचंही मी तेव्हा पुढे ढकललं होतं. आधी काम होऊ दे, मग बघू, असं म्हणून. गावच्या वाचनालयात दर महिन्याला आमचं वाचनमंडळ भरायचं. तिथे मी पहिली काही पानं, मधला एक प्रसंग आणि शेवट वाचून दाखवला. शेवटच्या पानावर सेलिना आपल्या जुन्या वस्तीतून चालते आहे. घरं पाडून ढिगारे केले आहेत, तिथे नव्या सरकारी इमारती उठायच्या आहेत. हातातल्या दोन चांदीच्या कड्यांपैकी एक ती काढते आणि त्या ढिगाऱ्यांकडे भिरकावते. दुसरं हातात राहतं.

बार्बाडोसच्या मुलींच्या हातात ही कडी तान्हेपणापासून असतात. इंग्रजीत त्यांना 'बँगल' म्हटलं आहे. हा शब्द आपल्याच देशातून इंग्रजीत गेलेला, त्यामुळे तो परत आणताना थांबून विचार करावा असं मला वाटलंच नाही. मी सरळ 'बांगडी' लिहीत गेले. मराठी बाईनं हातातली बांगडी उतरवली तर ऐकणारीला काय दिसणार, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते माझ्या कामात आणलं नव्हतं, एवढंच. आपल्याकडे बारशाला बाळाच्या हातात मनगट्या येतात, बिंदल्या येतात, चांदीची कडी येतात. शब्दांची काही उणीव नव्हती. 'कडं' म्हटलं असतं तर त्या बाईंना जन्माबरोबर आलेली आणि मोठेपणी घट्ट होत गेलेली वस्तू दिसली असती. अर्धं सोडायचं, अर्धं जवळ ठेवायचं, हे सेलिनाचं करणं कळलं असतं. मी त्यांना त्यांचंच दुःख दाखवलं आणि सेलिनाचं मोठं होणं त्याच्याखाली झाकून टाकलं.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली होती, आणि ती मला जास्त लागली. मधला प्रसंग वाचताना लोक हसले होते.

त्यासाठी गोष्ट थोडी सांगावी लागेल. 1939 साल, सेलिना दहा वर्षांची. ब्रुकलिनच्या चॉन्सी स्ट्रीटवर तपकिरी दगडाच्या, एकमेकींना चिकटलेल्या उंच घरांची रांग आहे. ही घरं एके काळी गोऱ्या कुटुंबांची होती. ती माणसं निघून जाऊ लागली तशी बार्बाडोसहून आलेली माणसं, म्हणजे स्वतःला बेजन म्हणवणारी, ती घरं भाड्यानं घेऊ लागली, खोल्या पोटभाडेकरूंना देऊ लागली, आणि घर आपल्या नावावर करण्याच्या मागे लागली. (या घरांना मी 'वाडे' म्हटलं होतं. वाडा म्हणजे वारसा, पिढ्या, देवघर. या माणसांचा त्या भिंतींवर काही वारसा नव्हता, सगळी कादंबरी त्यातूनच उभी राहते. तोही शब्द नंतर खोडला.) सेलिनाचे वडील डेटन यांना बेटावर दोनेक एकर जमीन वारशानं मिळते. तिथे पांढरं घर बांधायचं, दिमाखात परतायचं, असं त्यांचं चाललेलं असतं. आई सिला हिला ती जमीन विकून ब्रुकलिनमधलं घर घ्यायचं आहे. ती नवऱ्याच्या नावानं खोटी पत्रं लिहून जमीन परस्पर विकते. पैसे हातात आल्यावर डेटन ते सगळे एका दिवसात उंची दुकानांतून उधळून येतात. पुढे कारखान्यात त्यांचा हात निकामी होतो, ते एका पंथाच्या नादी लागून घर सोडतात, आणि ते देशात बेकायदा आले आहेत अशी खबर सिलाच सरकारला देते. त्यांना परत धाडतात. बार्बाडोसचा किनारा नजरेच्या टप्प्यात असताना ते बोटीवरून समुद्रात जातात.

लोक हसले तो प्रसंग सिलाच्या शपथेचा होता. ओळखीच्या बायका स्वयंपाकघरात बसल्या आहेत आणि त्यांच्यासमोर ती शपथ घेते की काहीही झालं, आत्म्याचं काहीही होवो, ती जमीन मी विकणारच. तिथून पुढचं सगळं त्या शपथेतून निघतं. ऐकताना अंगावर काटा यायला हवा. आमच्या वाचनालयात लोक खळखळून हसले, कारण मी सिलाला मालवणी दिली होती.

मालवणी माझ्या घरची. माझी आई कुडाळकडची, वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात. निवेदन प्रमाण मराठीत आणि सिला, तिच्या मैत्रिणी, पोटभाडेकरू हे सगळे मालवणीत, अशी माझी रचना होती. मला ती फार सुचलेली वाटली होती. बेजन इंग्रजी ही वेगळी बोली, तर तिला आपल्याकडची वेगळी बोली द्यायची. शिवाय बेट, समुद्र, नारळ, पोटासाठी शहरात आलेली माणसं. सगळं कसं जुळत होतं. मी वाक्यावाक्याला 'गो' आणि 'मेल्या' पेरले. 'वस्त्रहरण' या नाटकानं 1980 पासून मालवणीला महाराष्ट्रभर नेलं, त्याचा आम्हा मालवणी माणसांना अभिमान आहे. पण माझ्या श्रोत्यांच्या कानांवर ही बोली पहिल्यांदा रंगमंचावरून पडली होती, हशासकट, आणि मी तीच त्यांच्यापुढे ठेवली.

आई तेव्हा माझ्याकडे राहत होती. घरी येऊन मी तिला तेच पान वाचून दाखवलं. ती डाळ निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "ह्यां माझां नाय." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "ती चिडली हा. चिडलेल्या माणसाक कोण हसता?"

आईचं बरोबर होतं. ती खरोखर रागावली की तिचा आवाज खाली यायचा, वाक्य तोकडं व्हायचं, 'मेल्या' वगैरे काही यायचं नाही. चाळीस वर्षं मी तो राग ऐकला होता. लिहायला बसल्यावर मात्र मला घरची बोली आठवली नाही, नाटकातली आठवली.

मग मी मार्शलबाईंचा 1983 सालचा निबंध मिळवून वाचला. तो आधी वाचायला हवा होता. स्वयंपाकघरातल्या कवयित्रींबद्दलचा तो निबंध आहे. त्यांच्या आईच्या मैत्रिणी, बार्बाडोसहून आलेल्या बायका, गोऱ्या वस्त्यांमधल्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहून दिवसाचं काम मिळायची वाट बघायच्या. लाद्या पुसून, घरं झाडून परत आल्या की मार्शल यांच्या आईच्या स्वयंपाकघरात टेबलाभोवती बसायच्या आणि बोलायच्या. महागाईबद्दल, युद्धाबद्दल, रूझवेल्टबद्दल, आणि ज्याच्या संघटनेला त्यांनी आपल्या कमाईतून पैसे दिले होते त्या मार्कस गार्वीबद्दल. एकाच गोष्टीला त्या एका दमात सुंदर आणि कुरूप म्हणायच्या, दोन्ही शब्द जोडून. कोपऱ्यात बसून ऐकणारी मुलगी लिहायला शिकली ती त्या टेबलाशी, असं मार्शल सांगतात. म्हणजे ही बोली लेखिकेच्या गुरूंची होती. मी त्या गुरूंना माझ्या वाचनालयात हसण्यावारी नेलं होतं.

बेजन ही इंग्रजीचं खेडवळ रूपही नाही. पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी, उसाच्या मळ्यांत, मालकाच्या भाषेत आपलं व्याकरण घालून ती घडवली. 'तुम्ही सगळे' यासाठी त्यांचा 'वन्ना' हा शब्द आहे, तो इग्बो भाषेतल्या 'उनु'चा नातेवाईक मानतात. नेहमी घडणाऱ्या क्रियेसाठी त्यांची वेगळी रचना आहे. तिला मी 'चुकीचं इंग्रजी' समजून त्याच्या जागी 'गावठी मराठी' बसवत होते. तसं कुणी विचारलं असतं तर मी रागानं नाही म्हटलं असतं. कागदावर मात्र तेच होतं.

पण माझी चूक 2004 मध्ये सुरू झाली नव्हती. त्याआधी 1999 साली मी एका दिवाळी अंकात कृष्णवर्णीय मुलींच्या मोठं होण्याच्या कादंबऱ्यांवर लेख लिहिला होता. त्यात तीन पुस्तकं होती: मार्शल यांचं हे, टोनी मॉरिसन यांचं 1970 सालचं 'द ब्लूएस्ट आय' आणि जमैका किंकेड यांचं 1985 सालचं 'ॲनी जॉन'. लेख बराच वाचला गेला. पत्रं आली. दोन-तीन महाविद्यालयांत तो संदर्भ म्हणून वापरला गेल्याचं कळलं तेव्हा मला आनंद झाला होता. आज त्या लेखातला जवळजवळ प्रत्येक परिच्छेद मला परत घ्यावासा वाटतो.

कृष्णवर्णीयांच्या जगाशी मराठी माणसाची ओळख चळवळीच्या वाटेनं झाली, आणि ती अभिमान वाटावा अशीच वाट आहे. महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरच्या नावावरून. मी दलित नाही. त्या वाटेवर चालण्यासाठी ज्यांनी किंमत मोजली त्यांच्यातली मी नाही. मी त्या वाटेवरच्या घोषणा तेवढ्या उचलल्या आणि तिन्ही पुस्तकांवर चिकटवल्या. लेखात मी सरसकट 'निग्रो समाज', 'निग्रो मुलगी' असं लिहिलं. जुन्या मराठी समीक्षेत तो शब्द रुळलेला होता, पण मी 1999 साली लिहीत होते, आणि अमेरिकेत तो शब्द लोकांनी टाकून देऊन तीसेक वर्षं झाली होती.

आणि याच शब्दावरून मार्शल यांच्या कादंबरीत एक सबंध सभा आहे. बार्बाडोसच्या घरमालकांची आणि व्यावसायिकांची संघटना भरली आहे. क्लेरमाँट सीली नावाचा माणूस उठून म्हणतो की संघटनेच्या नावातला 'बार्बेडियन' हा शब्द काढा आणि तिथे 'निग्रो' घाला, अमेरिकेतल्या इतर काळ्या माणसांनाही आत घ्या. लोक त्याला बसवतात. इथे बेजन आणि अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेली काळी माणसं यांच्यातलं अंतर आहे, आणि बाहेरचा गोरा माणूस ते अंतर मोजतच नाही हेही आहे. सेलिनाची म्हातारी मैत्रीण मिस टॉमसन, केस विंचरून देण्याचं काम करणारी, दक्षिणेतली. एका गोऱ्यानं फावड्यानं केलेल्या घावाची जखम तिच्या पायात कधीच भरत नाही. तिचा इतिहास सिलाचा नाही. सिलाच्या माणसांचा इतिहास उसाच्या मळ्याचा. ब्रिटिशांनी 1834 साली गुलामी कायद्यानं संपवली, पण जमीन मळेवाल्यांकडेच राहिली. मग बार्बाडोसची हजारो माणसं 1904 ते 1914 या काळात पनामाचा कालवा खणायला गेली, त्यातली कित्येक तिथेच मेली, आणि त्या पैशावर पुढची माणसं न्यूयॉर्कला आली. 1924 च्या कायद्यानं ते दार जवळपास बंद केलं. सेलिना या सगळ्यातून मोठी होते. ती बेजनही आहे, काळीही आहे, अमेरिकेत जन्मलेलीही आहे, आणि यातलं नेमकं काय व्हायचं हाच तिच्या वयात येण्याचा प्रश्न आहे. मी लेखात ती सभा गाळली. कंटाळवाणी वाटली म्हणून. पुढे अनुवादातही कापली.

अनुवादात मी आणखी एक जागा कापली, आणि ती मला सगळ्यात जास्त छळते. सिला एकदा सेलिनाला आपलं लहानपण सांगते. बेटावर सगळ्यात लहान मुलांची एक टोळी असायची, थर्ड क्लास नावाची. उन्हात उसाच्या मळ्यातलं गवत उपटत जायचं, मागे मारायला टपलेली मुकादम बाई. सिला त्या टोळीतली. इतर बायका हिरवं बेट आठवून उसासे टाकतात, हिला ते आठवतं. हे कळल्याशिवाय बाईला घर का हवं ते कळत नाही. 'इथे गोष्ट पुढे सरकत नाही' असं मी वहीत लिहिलं आणि चार पानं रेघ मारून काढून टाकली. कुणी सांगितलं नव्हतं, प्रकाशकसुद्धा अजून ठरलेला नव्हता.

असं का केलं याचं उत्तर मला बऱ्याच उशिरा मिळालं. आमच्या घरी आई खाणावळ चालवायची. गिरणीतली दहा-बारा माणसं दोन्ही वेळ जेवायला. वडिलांना गावी चिरेबंदी घर बांधायचं होतं, आईला डोंबिवलीला मालकीची खोली हवी होती. आमच्या घरात खोटी पत्रं कुणी लिहिली नाहीत, कुणी समुद्रात गेलं नाही. पण मी वडिलांच्या बाजूची होते. वडील गावच्या गोष्टी सांगायचे, आई हिशेब सांगायची. म्हणून डेटन मला पहिल्या पानापासून आवडले आणि सिलावर मी लेखात लिहिलं, 'आईच्या लोभापायी कुटुंबाची वाताहत होते.' हे वाक्य छापलेलं आहे. मी आधी सिलावर निवाडा दिला, आणि मग तिला आपली बाजू मांडायला जी पानं मिळाली होती ती कापली. कादंबरीत सेलिना शेवटी आईसमोर उभी राहून कबूल करते की मी तुझीच मुलगी आहे, तूही अठराव्या वर्षी एकटी घरातून निघालीस. दहा वर्षांची सेलिना वडिलांच्या बाजूची असते. तिथून इथवर येणं म्हणजेच तिचं मोठं होणं. मी चाळिशीत वाचत होते आणि पहिल्या प्रकरणातच थांबले होते.

मॉरिसन यांच्या पुस्तकाचं मी जे केलं ते थोडक्यात सांगता येईल, पण ते लहान नाही. ओहायोतलं लोरेन गाव, 1940-41. अकरा वर्षांची पेकोला काळी आहे, सगळे तिला कुरूप म्हणतात, आणि तिला निळे डोळे हवे आहेत. मी लेखभर तिला 'सावळी' म्हटलं. 'काळी' लिहायला हात धजला नाही. मला वाटलं, मी तिचा मान राखते आहे.

माझी धाकटी बहीण काळी आहे. आमच्या घरी हा शब्द कुणी उच्चारत नसे. पाहुणे म्हणायचे, "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." अंक वाचून तिचा फोन आला. लेखाबद्दल काहीच बोलली नाही, एवढंच विचारलं, "तू त्या मुलीला सावळी का केलंस?" मी आदराबिदराचं काहीतरी सांगू लागले. ती म्हणाली, "मला सावळी म्हणतात तेव्हा मला कळतं की आता ते सांभाळून घेतायत."

मी पुस्तक पुन्हा काढलं. त्यात मॉरीन पील नावाची एक उजळ कातडीची, श्रीमंत घरातली मुलगी आहे. तीही त्याच समाजातली. भांडण होतं तेव्हा ती रस्ता ओलांडून पलीकडे जाते आणि तिथून पेकोला आणि तिच्या मैत्रिणी क्लॉडिया, फ्रीडा यांना ओरडून काळ्या म्हणते, कुरूप म्हणते. तिघी कोसळतात, कारण शब्द खरा आहे आणि त्यातली घृणाही खरी आहे. त्या जागी 'सावळ्या' घालून बघा. मुली का रडतील? सावळा म्हटलं की आपल्याला विटेवरचा विठोबा दिसतो. मी तीनशे वर्षांची घृणा आणि तिच्याखाली चिरडलेली मुलगी या दोन्हींवर विठोबाची माया पसरली होती. मॉरिसन यांनी तो शब्द झाकला नाही. झाकला असता तर क्लॉडिया गोऱ्या बाहुल्या का मोडते तेही कळलं नसतं.

'ॲनी जॉन' मी वर्गात शिकवली. अँटिग्वा बेट, एकुलती एक मुलगी, आणि आईवर जीव टाकणारं बालपण. आई आणि ॲनी एकाच कापडाचे कपडे शिवून घालतात. आई ॲनीच्या लहानपणच्या वस्तूंची पेटी उघडून एकेका वस्तूची गोष्ट सांगते. मग ॲनी बारा वर्षांची होते आणि आई एक दिवस म्हणते, आता एका कापडाचे कपडे नकोत. तिथून दोघींमध्ये जे तुटत जातं ते पुस्तकभर तुटत राहतं, आणि सतराव्या वर्षी ॲनी बोटीनं इंग्लंडला निघते. मी वर्गात सांगत असे की आईचा हा बदल म्हणजे वसाहतवादाचा परिणाम. पुस्तकात वसाहत आहेच. साखळदंडात बसलेल्या कोलंबसाच्या चित्राखाली ॲनी खोडसाळ ओळ लिहिते आणि शिक्षा म्हणून तिला मिल्टनच्या महाकाव्याचे दोन सर्ग उतरवून काढावे लागतात. ते मी नीट शिकवलं. पण एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ॲनी रडते ती आईसाठी की इंग्रजांमुळे?" मी तिला टिपणातलं उत्तर पुन्हा सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं. परीक्षेत तेच लिहिलं असणार, आणि मी त्याला गुण दिले असणार.

ती मुलगी कोल्हापूरला वसतिगृहात राहायला जाणार होती, आणि तिच्या आईनं दोन महिने तिच्याशी बोलणं सोडलं होतं, हे मला नंतर दुसऱ्या विद्यार्थिनीकडून कळलं. तिनं पुस्तक बरोबर वाचलं होतं. मला तिची क्षमा मागायची होती. राहून गेलं.

एका सहकाऱ्यांनी, ते दलित होते, मला एकदा विचारलं होतं की 'बलुतं' हे दलित आत्मकथन वाचताना तुम्ही त्यातल्या दगडूकडे बघता की त्याच्या हातातल्या पुराव्याकडे? तेव्हा प्रश्न मला टोचला आणि मी विषय बदलला. आता वाटतं, या मुलींचंही मी तेच केलं. पेकोला, ॲनी, सेलिना यांना मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. साक्ष देणारी मुलगी हट्ट करत नाही, खोटं बोलत नाही, आईचा द्वेष करून पुन्हा आईसारखी होत नाही. सेलिना संघटनेची शिष्यवृत्ती मिळवून ते पैसे घेऊन प्रियकराबरोबर पळून जायचा बेत करते. हे माझ्या लेखात कुठेच नव्हतं. गैरसोयीचं होतं म्हणून. आणि साक्षीदाराचा पिंजरा खटकू लागल्यावर मी उलट्या टोकाला गेले, तिला उचलून परळला आणलं, मालवणी बोलायला लावलं, हातात बांगड्या भरल्या. ब्रुकलिनमध्ये, तिच्या स्वतःच्या घरात, मी तिला दोन्ही वेळा राहू दिलं नाही.

2009 साली आई गेली. 2019 च्या ऑगस्टमध्ये, नव्वदीत, पॉल मार्शल गेल्या. त्याच वर्षी मी निवृत्त झाले आणि जुनं हस्तलिखित बाजूला ठेवून पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी आधी हक्कांसाठी पत्र पाठवलं. सभा परत आली आहे, थर्ड क्लासची चार पानं परत आली आहेत. बांगडीचं कडं झालं आहे. सिलाला कुठल्याही एका जिल्ह्याची बोली दिलेली नाही. तिची वाक्यं मी मोठ्यानं म्हणून बघते. क्रियापद आधी येऊ देते, नाव दोनदा येऊ देते, जिथे ती थांबते तिथे थांबते, आणि राग चढत जाईल तसं वाक्य आखूड करते. निवेदनही बोलीच्या जवळ ओढलं आहे, म्हणजे सिला एकटीच वेगळी दिसू नये. हे पुरेसं आहे का, हे मला ठरवता येत नाही. बहिणीला प्रत्येक प्रकरण पाठवते. ती शब्दाखाली रेघ मारून परत पाठवते.

सध्या तिसऱ्या भागावर आहे. युद्ध सुरू आहे. सिलाला दारूगोळ्याच्या कारखान्यात लेथवर काम मिळालं आहे आणि सेलिना रात्री एकटी तिला शोधत तिथे जाते. मुलीला आई दिसते ती यंत्रासमोर उभी, त्या यंत्राच्या तोडीची. मला इथे खाणावळीतल्या दोन स्टोव्हांमध्ये उभी असलेली आई आठवते. ते मी वहीच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवते, मजकुरात घेत नाही. कारखान्यात आवाज एवढा आहे की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, आणि सेलिना अजून दाराशी उभी राहून बघते आहे. इंग्रजीत ते वाक्य लांबलचक आहे. गेले चार दिवस मी ते न मोडता मराठीत उभं करायचा प्रयत्न करते आहे.